शीडबोट घेऊन अनोळखी बंदरात मुक्कामाला जाताना: आदल्या संध्याकाळपासून दोर सोडेपर्यंत

मी हौसेने शीडबोट चालवणारा माणूस, पोटापाण्यासाठी नाही, आवडीने समुद्रावर जाणारा, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की बोटीला खरचटणं, कोणाचा हात चेंगरणं, नवरा-बायकोचं डेकवर कडाक्याचं भांडण, हे सगळं मोकळ्या समुद्रात फार कमी होतं, होतं ते बंदराच्या शेवटच्या एका मैलात. बंदर दिसलं की मन आधीच पोचतं, कोणी चहा ठेवायला खाली जातं, कोणी मोबाईलला रेंज आली का बघतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी उथळ व्हायला लागलेलं असतं, प्रवाह आडवा लागलेला असतो, समोर भिंत असते. म्हणून खाली लिहिलंय ते पहिल्यांदाच दुसऱ्या गावच्या बंदरात एक-दोन रात्री थांबायला जाणाऱ्यांसाठी, क्रमाने, जसं मी स्वतः करतो तसं.

आदल्या संध्याकाळी

चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, उघडून बसा, आणि टॅबलेटवर बघत असाल तर पूर्ण झूम करून बघा, कारण लांबून बघितलं की छोटे खडक स्क्रीनवर दिसतच नाहीत, या एका कारणाने चांगले अनुभवी लोक सुद्धा तळाला लागलेत. बंदराच्या तोंडाशी खोली किती, आत वळणं कुठे, पाहुण्या बोटींची जागा कुठे, आणि कुठल्या दिशेचा वारा आला तर आत लाट शिरते एवढं शोधा. मग एका साध्या कागदावर पेनाने बंदराचं चित्र काढा, कितीही वेडंवाकडं आलं तरी चालेल, त्यावर आत शिरायची दिशा, बोयांचे (पाण्यात तरंगणाऱ्या खुणांचे) रंग, दिव्यांच्या खुणा, रेडिओचं चॅनल, सगळ्यात कमी खोलीची जागा हे लिहा. आत शिरताना डोळे बाहेर पाहिजेत, स्क्रीनमध्ये नाही, आणि हाताने काढलेलं चित्र डोक्यात बसतं हा माझा अगदी खात्रीचा अनुभव आहे.

दुसरं बंदर पण ठरवा, आत्ताच. पहिल्या बंदरात जागा नसेल, तोंडाशी लाटा फुटत असतील, इंजिनच्या पंख्यात दोर अडकला असेल तर कुठे जायचं हे दमलेल्या डोक्याने संध्याकाळी सहा वाजता ठरवू नये. आणि हे दुसरं बंदर वेगळ्या दिशेला तोंड असलेलं हवं, नाहीतर जो वारा एकात शिरतोय तोच दुसऱ्यात पण शिरणार.

निघायची वेळ उलटी मोजा, म्हणजे पोचायची वेळ आधी ठरवायची. ३० सागरी मैल, सरासरी ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल), म्हणजे ६ तास, त्यात वारा पडेल किंवा तोंडावर येईल म्हणून निदान दीड-दोन तास वाढवायचे, आणि तरी सूर्य मावळायच्या चांगलं आधी तोंडाशी पोचता आलं पाहिजे. पहिल्यांदा जाताय तर रात्री शिरू नका. रात्री बंदरातल्या दिव्यांच्या मागे अख्ख्या गावाचे दिवे, गाड्यांचे दिवे, दुकानांच्या पाट्या असतात आणि त्यात तो एक लाल लुकलुकता दिवा शोधणं फार अवघड जातं.

पाण्याचं गणित, हे टाळू नका

भरती-ओहोटीचं टेबल बघून फक्त भरतीची वेळ लिहून घेतली की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आपल्याला हवं असतं ते आपण तिथे असू त्या तासाला पाणी किती. त्यासाठी बारा भागांचा जुना हिशोब आहे, ओहोटी ते भरती सहा तास धरले तर पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या १/१२ चढतं, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्या-चौथ्यात ३/१२ - ३/१२, पाचव्यात २/१२ आणि सहाव्यात परत १/१२.

समजा ओहोटीला ०.६ मीटर आणि भरतीला ४.२ मीटर आहे, म्हणजे चढ ३.६, त्याचा बारावा भाग ०.३. तर एका तासाने पाणी ०.९, दोन तासांनी १.५, तीन तासांनी २.४, चार तासांनी ३.३, पाच तासांनी ३.९, सहाव्याला ४.२. आता तोंडाशी चार्टवर ०.५ मीटर खोली लिहिलीय, तुमची बोट पाण्याखाली १.८ मीटर आहे आणि कीलखाली, म्हणजे बोटीच्या सगळ्यात खालच्या भागाखाली, १ मीटर मोकळं पाणी हवंय, तर एकूण हवेत २.८, त्यातले ०.५ चार्टवरचे आहेतच, उरलेले २.३ भरतीच्या पाण्यातून यायला हवेत, म्हणजे ओहोटीनंतर साधारण तीन तास झाल्याशिवाय आत जायचं नाही. चार्टवरच्या आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला कोरडी पडते, तिथे तो आकडा वजा करायचा, आणि ही रेघ नजरेतून सुटली तर सगळं गणित उलटं होतं. हा बारा भागांचा हिशोब सगळीकडे चालत नाही हे पण सांगतो, काही ठिकाणी एकाच भरतीत पाणी दोनदा टोकाला जातं किंवा बराच वेळ टिकून राहते, नदीच्या आत चढ लवकर आणि उतार हळू असतो, तिथे त्या बंदराचाच भरतीचा आलेख वापरायचा.

टेबलातले आकडे हवेचा दाब नेहमीसारखा धरून असतात. दाब १ मिलिबारने वाढला की पाणी अंदाजे १ सेंटीमीटर खाली बसतं, म्हणजे १०३३ दाबाच्या छान ऊन पडलेल्या दिवशी पाणी टेबलापेक्षा २० सेंटीमीटर कमी असू शकतं, आणि आपण खूश असतो की हवा किती सुंदर आहे.

उधाण आणि भांग पण बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात जोराचं, प्रवाह पण तेवढाच जोरात, अष्टमीनंतर भांग, तेव्हा सगळं मवाळ. नवख्या माणसाने पहिला मुक्काम भांगाच्या दिवसांत ठेवला तर खूप गोष्टी सोप्या होतात. उधाणाच्या भरतीच्या अगदी वरच्या टोकाला शिरताना तळाला लागलात तर पुढचे कितीतरी दिवस तेवढं पाणी परत येत नाही, म्हणून उथळ जागी पाणी चढत असतानाच जायचं, लागलंच तर दहा मिनिटांत बोट आपोआप सुटते.

तोंडाशी आल्यावर

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे आतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि वारा समुद्राकडून आत वाहतोय. दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या होतात, जवळ जवळ येतात आणि नदीच्या बाऱ्यावर, म्हणजे तोंडाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, फुटायला लागतात. आणि समुद्राच्या बाजूने बघताना आपल्याला लाटेची पाठ दिसते, फुटणारी बाजू किनाऱ्याकडे असते, त्यामुळे बाहेरून सगळं शांत वाटतं. मी एकदा असाच फसलो होतो, लांबून गुळगुळीत दिसणाऱ्या पाण्यात शिरलो आणि मागून आलेल्या लाटेने बोट अशी आडवी ढकलली की सुकाणू हातात असून नसल्यासारखं झालं, नशीब पुढची लाट लहान होती. तेव्हापासून नियम, बाहेर थांबून निदान दहा मिनिटं दुर्बिणीने बघायचं, मध्येच पांढरं उडताना दिसलं, फवारा मागे उडताना दिसला की जायचं नाही. भरतीच्या दुसऱ्या अर्ध्यात परत बघायचं, नाहीतर दुसरं बंदर. चांगल्या हवेत दुपारचा खारा वारा सूर्य कलला की पडतो, मग तासभर बाहेर थांबलात तरी चित्र पूर्ण बदलतं.

बोयांचं म्हणाल तर जगाचे दोन भाग केलेले आहेत. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाचा बहुतेक भाग यात समुद्रातून आत येताना लाल बोया डावीकडे ठेवायचा आणि हिरवा उजवीकडे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथे बरोब्बर उलटं, लाल उजवीकडे. दुसऱ्या भागात भाड्याची बोट घेणाऱ्यांनी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉकपिटमध्ये चिकटवावं. काळ्या-पिवळ्या बोयावर दोन त्रिकोण असतात, दोन्हीची टोकं वर असतील तर उत्तरेकडून जा, दोन्ही खाली तर दक्षिणेकडून, बुडाला बूड तर पूर्वेकडून, टोकाला टोक तर पश्चिमेकडून.

बऱ्याच बंदरांत पुढे-मागे दोन खुणा किंवा दोन दिवे असतात, ते एकावर एक दिसले की तुम्ही बरोबर वाटेवर. पुढची खूण उजवीकडे सरकली तर तुम्ही डावीकडे गेलात, म्हणजे पुढच्या खुणेच्या मागे जायचं, ती जिकडे तिकडे आपण. आडवा प्रवाह असेल तर बोटीचं तोंड तिरकं राहील आणि तरी दोन खुणा एकावर एक दिसत राहतील, तेच बरोबर आहे, तोंड सरळ करायच्या नादात वाट सोडू नका.

तीन लाल दिवे उभ्या रांगेत दिसले तर आत-बाहेर जायला मनाई. रेडिओवर चॅनल १६ हे संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी, बंदराचं स्वतःचं चॅनल वेगळं असतं, ते कागदावर आहेच. जवळ आल्यावर १ वॅटवर बोला, २५ वॅटची गरज नाही. आधी बंदराचं नाव, मग तुमच्या बोटीचं, मग लांबी, पाण्याखालची खोली, किती रात्री, आणि कुठल्या बाजूने बांधायचं ते विचारा, कारण त्यावर फेंडर (बोट आणि धक्क्याच्या मध्ये लटकवायच्या उशा) आणि दोर कुठे लावायचे ते ठरतं. उत्तर आलं की परत म्हणून दाखवा.

आणि मोठ्या जहाजाला वाट द्या, बाबांनो. अरुंद खाडीत जे जहाज फक्त त्या खोल पट्ट्यातूनच जाऊ शकतं त्याला २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शीडबोटीने अडवायचं नाही, हा समुद्रावरच्या टकरी टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांमधला ९ नंबरचा नियम आहे, "आम्ही शिडावर आहोत" हे तिथे चालत नाही. पाच छोटे भोंगे ऐकू आले तर ते जहाज विचारतंय की तुमचं काय चाललंय, लगेच बाजूला व्हा. आपल्याला बहुतेक वेळा त्या पट्ट्याच्या बाहेर पण पुरेसं पाणी असतं.

बाहेरच, मोकळ्या पाण्यात, सगळं तयार

शिडं उतरवा पण बांधून टाकू नका, इंजिन दगा देऊ शकतं. इंजिन पुढे चालवून बघा, मग रिव्हर्स टाकून बघा, कारण रिव्हर्स हाच आपला ब्रेक आणि तो लागत नाही हे भिंतीपाशी कळू नये. इंजिन सुरू करायच्या आधी बोटीभोवती नजर फिरवा, एखादा दोर पाण्यात लोंबत असेल तर पहिल्या फेरीतच पंख्यात. नांगर सोडायला तयार ठेवा, इंजिन बंद पडलं तर अरुंद जागेत नांगर हीच एक गोष्ट बोट थांबवते.

फेंडर दोन्ही बाजूंना लावा, आयत्या वेळी बाजू बदलायला सांगतात. दोर चार, एक नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून), एक मागून, आणि दोन स्प्रिंग, म्हणजे पुढून मागे जाणारा आणि मागून पुढे जाणारा, हे बोटीला धक्क्यालगत पुढे-मागे सरकू देत नाहीत. प्रत्येक दोर क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधून मग रेलिंगच्या बाहेरून आणि खालून फिरवून परत डेकवर आणायचा, रेलिंगच्या आतून सरळ टाकला तर ताण आला की रेलिंग वाकतं. पाचवा दोर बोटीच्या मधल्या क्लीटला, आणि माणसं कमी असतील तेव्हा हाच सगळ्यात कामाचा.

कोण काय करणार हे आत्ता सांगा, शांत आवाजात. कोणी उडी मारायची नाही, बोट टेकेल तेव्हा पाऊल टाकायचं. हात किंवा पाय बोट आणि धक्का यांच्या मध्ये घालायचा नाही, टनांच्या वजनापुढे मांडीची ताकद काहीच नाही, लागली तर बोट लागू दे, फायबर दुरुस्त होतं.

धक्क्याला लागताना

एक चक्कर रिकामी मारा. वारा कुठून, प्रवाह कुठून, जागा खरंच रिकामी आहे का, खुंट कुठे आहेत. मग दोघांपैकी जो जोरात आहे त्याच्या तोंडावर जाऊन लागायचं, म्हणजे वेग आपोआप मरतो आणि सुकाणूला पाणी मिळत राहतं. हळू जा, इतकं हळू की धडकलोच तर फक्त फेंडर करकरेल. बहुतेक बोटींचा पंखा पुढे जाताना मागून बघितलं तर उजवीकडे फिरतो, अशा बोटीचं मागचं टोक रिव्हर्स टाकल्यावर डावीकडे ओढलं जातं, म्हणून डाव्या बाजूने लागणं सोपं, शेवटी रिव्हर्स टाकला की बोट स्वतःच धक्क्याकडे सरकते. तुमची बोट कुठे ओढते ते मोकळ्या पाण्यात एकदा बघून ठेवा.

दोघंच असाल तर मधल्या क्लीटचा दोर आधी. तो धक्क्यावर थोड्या मागच्या खुंटाला लावा, इंजिन अगदी हळू पुढे, सुकाणू धक्क्यापासून बाहेरच्या दिशेला, आणि बोट धक्क्याला चिकटून उभी राहते, मग बाकीचे दोर निवांत बांधा. आमच्या घरातली बंदरातली भांडणं या एका दोराने संपली, अगदी मनापासून सांगतोय.

जागा बघून घुसताना मच्छीमारांची जागा घेऊ नका. दुपारी रिकामी दिसते म्हणून बांधाल, आणि पहाटे तीनला दमून आलेली बोट बाहेर ताटकळत उभी राहील. त्यांचं ते कामाचं ठिकाण आहे, आपण पाहुणे.

तरंगता धक्का असेल तर दोर तसेच राहू द्या, तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. दगडी भिंत असेल तर दोर लांब हवेत, चढ-उताराच्या निदान तिप्पट, आणि खुंट पुढे-मागे लांबवरचे निवडायचे. आखूड दोर बांधून जेवायला गेलात आणि ओहोटी लागली तर बोट दोरांवर लटकते. भिंतीला शिडी कुठे आहे तेही बघा, ओहोटीला तीच एक वाट. खुंटावर आधीच कोणाचा फास असेल तर आपला फास त्याच्या फासाच्या आतून खालून वर घेऊन मग खुंटावर टाका, म्हणजे कोणीही आधी सुटू शकतो.

जागा नसेल तर दुसऱ्या बोटीच्या अंगाला बांधतात. आधी विचारा, आणि ते पहाटे किती वाजता निघणार तेही. डोलकाठ्या समोरासमोर येऊ देऊ नका, हेलकाव्यात एकमेकींवर आपटतात, थोडं पुढे-मागे लागा. स्वतःचे दोन दोर पुढून आणि मागून थेट धक्क्यापर्यंत न्या, सगळं वजन शेजाऱ्याच्या क्लीटवर टाकायचं नाही. जाता-येता त्यांच्या नाळेकडून जा, कॉकपिटमधून नाही, ते त्यांचं घर आहे.

नांगरावर राहायचं असेल तर साखळी भरतीच्या खोलीवर मोजा. आत्ता ४ मीटर, अजून २ चढणार, नाळ पाण्यापासून १ मीटर वर, झाले ७, त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी, दोर असेल तर सातपट किंवा जास्त. मग हळू रिव्हर्स टाकून नांगर रुतवा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बघा बोट सरकते का. नांगरावर असल्याची खूण म्हणून दिवसा काळा गोळा, रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. आणि बोट नांगराभोवती फिरेल त्या वर्तुळात ओहोटीला कुठे खडक तर येत नाही ना, हे पण.

बांधल्यावर

परदेशातून येत असाल तर पिवळा झेंडा वर आणि तपासणी होईपर्यंत कोणी उतरायचं नाही. नंतर पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा उजवीकडच्या दोरीवर. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, विमा, माणसांची यादी एका वॉटरप्रूफ पिशवीत. देशातल्या देशात असाल तरी आधी हार्बर ऑफिसला जा, भाडं सहसा लांबीवर असतं, खरी लांबी सांगा, मागे लटकलेली डिंगी, म्हणजे छोटी होडी, धरून.

किनाऱ्याची वीज घेताना केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. आधी बोटीकडचं टोक लावा, मग धक्क्यावरचं, काढताना उलटं, म्हणजे जिवंत प्लग हातातून पाण्यात पडत नाही. आणि वीज असलेल्या धक्क्याजवळ पोहू नका, मुलांना तर अजिबात नाही, एखाद्या बोटीतून गळणारा करंट पाण्यातल्या माणसाचे स्नायू आखडवतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी भरताना नळ मिनिटभर वाहू द्या, चव घ्या, मग टाकीत सोडा. संडासाची टाकी बंदरात सोडायची नाही, प्लास्टिक तर समुद्रात कुठेच टाकायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

रात्री डोलकाठीवरचे दोर बाजूला ओढून बांधा, नाहीतर वाऱ्याने ते टणटण वाजत राहतात आणि अख्ख्या धक्क्याची झोप जाते. डिंगीतून जाता-येता लाईफ जॅकेट आणि टॉर्च, अंतर शंभर मीटर असलं तरी, कारण रात्रीच्या अंधारात पोटभर जेवून परत येतानाच माणसं पाण्यात पडतात. घरी कोणाला पोचायची वेळ सांगितली असेल त्यांना पोचल्याचा फोन करा, नाहीतर ते शोधपथकाला बोलावतील आणि ते बरोबरच करतील.

निघताना

हवामान सकाळी परत बघा, कालचं चालत नाही. बंदराच्या आत वारा नेहमी कमी वाटतो, निर्णय बाहेरच्या आकड्यांवर घ्या. पैसे दिलेत ना, वीज काढली ना, खालच्या खिडक्या बंद ना. इंजिन सुरू करून थंडाव्याचं पाणी मागून पडतंय का बघा, मगच दोरांना हात लावा.

वारा तुम्हाला धक्क्यावर दाबत असेल तर नाळेवरून मागे जाणारा स्प्रिंग तेवढा ठेवून बाकी सगळे दोर काढा, नाळेपाशी मोठा फेंडर धरा, सुकाणू धक्क्याकडे आणि इंजिन हळू पुढे, बोटीचं मागचं टोक बाहेर निघतं. पुरेसं बाहेर आलं की रिव्हर्स, आणि तो स्प्रिंग ओढून घ्या. हा शेवटचा दोर खुंटाला नुसता वळसा देऊन दोन्ही टोकं बोटीवर ठेवायची आणि सुटणाऱ्या टोकाला गाठ असता कामा नये, गाठ खुंटात अडकली तर बोट तिथेच फिरते.

अंगाला दुसऱ्या बोटी असतील तर त्यांना आदल्या रात्रीच वेळ सांगून ठेवा, बाहेरचा माणूस जागा असला की पाच मिनिटांचं काम. रेडिओवर बंदराला निघाल्याचं कळवा, तोंडाच्या बाहेर येऊन खोल पाणी लागलं की फेंडर आत, दोर गुंडाळून कपाटात, मग शीड चढवा आणि घरच्यांना पुढच्या बंदराची वेळ पाठवा, रेंज जायच्या आत.